निळीला गिऱ्हाईक

जिजेल, ९ ऑक्टोबर

झोहेर, सलाम.

सगळे ठीक आहेत. जे ठीक नाही ते पुढे लिहितोय.

तुझं पत्र मिळालं. पलटणीत फोन काढून घेतला म्हणून एवढी रडारड? त्याच इन सालाहच्या रस्त्यावर मी तीस वर्षं ट्रक हाकला. घरी निरोप द्यायचा तर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी कोंबायची, आणि तो गडी ती खिशातच विसरायचा. तू जन्मलास हे मला कळलं तेव्हा तुझं बारसंसुद्धा उरकलं होतं. तेव्हा पत्र लिहायला शीक, मरत नाहीस.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. सगळं नाही. पोट बिघडल्याचं गाळलं, सार्जंटने उन्हात उभं केल्याचं गाळलं. उरलं हवापाणी आणि सलाम. ती हल्ली मशिदीत बायकांच्या वर्गाला जाते, म्हातारपणी अक्षरं गिरवायला. पिठाच्या डब्यावर ‘पीठ’ लिहून ठेवलंय, नाहीतर आत सिमेंट निघालं असतं. एकेका अक्षरावर बोट ठेवत चालते अजून, तेव्हा तू मोकळेपणाने लिही. आपल्या दोघांतलं आपल्या दोघांत.

आता मुद्दा. तुझी ती निळी बाइक मी विकणार आहे.

जिन्याखाली ताडपत्री पांघरून बसली आहे बया. येताजाता तिच्याकडे बघतो आणि माझं डोकं फिरतं. हजार सीसी. मार्सेयहून सुट्टीला आलेल्या कुठल्यातरी उपटसुंभाने गळ्यात मारली आणि तू घेतलीस. त्याआधी आयुष्यात काय चालवलं होतंस? मामाची सायकल. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. आपल्या गल्लीतल्या मोनसेफचीही पहिलीच बाइक होती. त्याच्या जनाज्याचा पुढचा कोपरा माझ्या खांद्यावर होता. त्याचा बाप अजून कॅफेत येतो, डोमिनोची सोंगटी हातात घेतो आणि खाली ठेवायची विसरतो. बाकीचे तिघे आपापल्या सोंगट्या धरून थांबतात. कोणी त्याला ‘खेळ’ म्हणत नाही.

मला त्या खुर्चीत बसायचं नाही. तू सक्तीची नोकरी संपवून सुटून येशील तेव्हा जिन्याखाली कांदे असतील. रागावायचं तर रागाव.

तुझा बाप, लखदर


इन सालाह, २६ ऑक्टोबर

बाबा, सलाम.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. तसंही ते जाण्यासारखं नव्हतं.

विकू नका. काकुळतीला येऊन सांगतो. इथे प्रत्येकाच्या उशीखाली कोणा ना कोणा मुलीचा फोटो आहे, माझ्या उशीखाली निळीचा आहे. पोरं हसतात. हसू देत. परेडला उभं राहून राहून पायांना मुंग्या येतात, चहूकडे वाळू, कुठे वळण नाही, कुठे उतार नाही, तेव्हा मी मनातल्या मनात जिजेलहून झियामापर्यंत जातो. एकेक वळण पाठ आहे. ते काढून घेतलंत तर इथे उरतं काय?

आणि मी मोनसेफ नाही. तो हेल्मेट कोपराला अडकवून फिरायचा. मी अख्खा उन्हाळा चालवली, एकदाही पडलो नाही.

एक काम करा. दर शुक्रवारी नमाजनंतर नुसती सुरू करा, नाहीतर बॅटरी मरेल. गिअर न्यूट्रलला, हिरवा दिवा लागला पाहिजे. पंखा फिरायला लागला की बंद. चावी माझ्या तपकिरी बुटात आहे. कोणाला वर बसू देऊ नका. तुम्हीही बसू नका. तुमचा ट्रक नाही तो, तुम्हाला जमणार नाही.

यम्माला म्हणा, पोराचा सलाम. पोट आता बरं आहे, हे तुमच्यापुरतं.

झोहेर


जिजेल, १४ नोव्हेंबर

झोहेर, सलाम.

‘तुम्हाला जमणार नाही.’ बरं.

चावी सापडली. बुटात एक मोजाही सापडला, तो कुठल्या सालातला आहे ते अल्लाह जाणे. शुक्रवारी तुझी कवायत केली. न्यूट्रल, हिरवा दिवा, बटण. तिने असा काही आवाज काढला की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या आणि तुझी आई हातात पळी घेऊन बाहेर आली. मी सांगितलं, बॅटरी. ती पळी घेऊन परत गेली. तुझी आई कमी बोलते तेव्हा जपून राहावं.

कॅफेत सांगून ठेवलंय, विकायची आहे म्हणून. गिऱ्हाइकं येताहेत, पण कसली? जो बाइकवर मुरलेला आहे तो ताडपत्री उचलतो, बघतो आणि म्हणतो, लखदरभाई, माझं वय झालं, मला बायको आहे. आणि ज्याला हवी आहे तो चकीब. वर्दियाचा मुलगा, तोच, लहानपणी आपल्या अंजिराच्या झाडावरून पडला होता. एकोणीस वर्षांचा घोडा. पायात स्लिपर, अंगात फुटबॉलचा शर्ट. त्याने एकच प्रश्न विचारला: “काका, किती पळते?” ब्रेकबद्दल नाही, टायरबद्दल नाही. मी विचारलं, आजवर काय चालवलंस? म्हणे मावसभावाची मोपेड, बेकरीपर्यंत. म्हटलं, नंतर ये.

पण विकणाऱ्याला आपला माल ठाऊक असावा की नको? म्हणून मीही चालवून बघितली. बेकरीपर्यंत. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली लोंबकळत, बदकासारखा. दोन पाव घेतले आणि परत आलो. बेकरीवाला अजून तोंड उघडं ठेवून उभा असेल.

जमलं.

लखदर


इन सालाह, ३० नोव्हेंबर

बाबा,

बेकरीपर्यंत आणि पुढे कुठे? हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर दोन शुक्रवार होऊन जातील. तुम्ही एवढ्यावर थांबणारे असता तर तुमचं अर्धं आयुष्य सहारात गेलं नसतं.

नीट ऐका. ती आधी गरीब वाटते. पहिले काही दिवस मांजरासारखी. मग एक दिवस मूठ बोटभर जास्त पिळली जाते, ती पुढे झेपावते, अंग मागे जातं, आणि मागे जाणारा हात मूठ आणखी पिळतो. म्हणजे भिऊन माणूस जे करतो तेच तिला पळवतं. वर बसूच नका. बसलात तर माझं जाकीट घाला, कपाटात मागे आहे. बसू मात्र नका.

मला इथे काहीच सुचत नाही. कप्तानाला विचारलं, घरी एक फोन करू द्या. म्हणाला, कोणी वारलं का? म्हटलं, अजून नाही. त्याने हाकलून दिलं.

झोहेर


जिजेल, १९ डिसेंबर

झोहेर, पोरा,

जाकीट मला पोटावर बसत नाही. चेन अर्ध्यावर राहते.

तू चिडशील, पण खोटं बोलायचं वय गेलं माझं. पाच शुक्रवार झाले, मी निळी बाहेर काढतो. तुझ्या आईला सांगतो, बंदरावर सार्डिन मासळीचा लिलाव बघायला जातो. येताना थोडी सार्डिन आणावी लागते. घरात आता मांजरंही सार्डिनकडे पाठ फिरवतात.

का जातो ते सांगतो. सुरुवातीला मनात एवढंच होतं, माझ्या पोराला जी खाणार आहे ती आहे तरी कोण, ते एकदा तिच्या अंगावर बसून बघावं. दुरून शिव्या घालण्यात काय अर्थ? म्हणून एका शुक्रवारी अवानापर्यंत गेलो. मग झियामाचे बोगदे. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कडा, कठड्यावर माकडं. बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा ऊन एकदम छातीवर आलं, आणि मी, लखदर, चौसष्ट वर्षांचा, मोठ्याने हसलो. हेल्मेटच्या आत. कोणाला ऐकू आलं नाही म्हणून तुला लिहितोय.

ट्रक आधी सांगतो, मग करतो. ही आधी करते, मग सांगते. एवढा फरक समजला की झालं. बाकी रस्ता तो रस्ताच. आणि मला एक विद्या येते ती तुम्हा पोरांना येत नाही: उतार. तुम्ही उताराला ब्रेक दाबत सुटता. मी ब्रेकला हातही लावत नाही. गिअर खाली, आणखी एक खाली, इंजिन धरून ठेवतं. तीस वर्षं वाळूची पोती लादून असाच उतरलो, एकदाही ब्रेक जळला नाही.

चकीब पुन्हा आला होता. त्याला म्हटलं, विकायची आहे पण घाई नाही.

हे आईला वाचून दाखवण्यातलं नाही, वेगळं सांगायला नको.

लखदर


इन सालाह, ४ जानेवारी

बाबा, ट्रकसारखा गिअर खाली टाकू नका. इतर काही वाचू नका, हे आधी वाचा.

ट्रकला मागे आठ चाकं आणि वर दहा टन असतात, म्हणून इंजिन त्याला धरून ठेवतं. निळीला मागे एकच चाक आहे, आणि ब्रेक लावला की तेही हलकं होतं. गिअर एकदम दोन खाली टाकून क्लच सोडलात तर इंजिन त्या चाकाला पकडतं, चाक फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं. सरळ रस्त्यावर नशीब असेल तर सावरतं, वळणावर नाही. तुमची सगळ्यात पक्की सवय आहे ना, तीच तिच्यावर सगळ्यात वाईट आहे.

मला हे सारखं डोळ्यांपुढे दिसतंय. बंदूक पुसताना दिसतं, भांडी घासताना दिसतं. अवानाच्या आधीचं ते उतरतं वळण, जिथे झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं.

विका ती. मीच सांगतोय, विका. चकीबला द्या, कोणालाही द्या, फुकट द्या. मला नको ती. उशीखालचा फोटो आज फाडला.

हे पत्र विमानाने जाणाऱ्या एकाच्या हातात देतोय, लवकर पोचेल म्हणून. तुमच्या काळच्या ड्रायव्हरसारखा तो खिशात विसरला नाही म्हणजे झालं.

झोहेर


जिजेल, १३ जानेवारी

झोहेर,

पत्र पोचलं. सगळं ठीक. थंडी आहे. संत्री चांगली आली आहेत.

अक्षर वाकडं दिसेल. पेन बरं नाही, आणि टेबलही हलतं.

गिअरबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे.

लखदर


इन सालाह, २९ जानेवारी

बाबा,

चार ओळी. तुम्ही? आणि अक्षर असं की पहिलीतल्या पोराने लिहावं, ओळी उतरत उतरत कागदाच्या बाहेर. टेबल हलतं म्हणे.

माझ्या बाजूच्या खाटेवर ब्लिदाचा एक मुलगा आहे. त्याला दाखवलं. तो कागद उजेडात धरून म्हणाला, माझ्या आजोबांना झटका आला तेव्हा आधी अक्षरच गेलं होतं, मग तोंड वाकडं झालं. तेव्हापासून मी भिंतीला डोकं लावून बसलोय. रजा मागितली, नाही म्हणाले. दोन महिन्यांत सुटतोच आहेस, म्हणाले. डॉक्टरकडे गेलात का? उजवा हात वर होतो का? हसून बघा आरशात, तोंड सरळ राहतं का?

यम्माला विचारावं तर तिला वाचता येत नाही. तुम्ही तिला काय वाचून दाखवणार ते मला माहीत आहे: हवापाणी आणि सलाम.

बाबा, खरं लिहा. काहीही असू दे. तुम्ही खोटं बोललात की मला कळतं, आणि कळूनही इथून काही करता येत नाही. याहून वाईट काही नाही.

झोहेर


जिजेल, १५ फेब्रुवारी

झोहेर, बाळा,

झटकाबिटका काही नाही. आरशात हसून बघितलं, तुझ्या ब्लिदावाल्या मित्रासाठी. तोंड जेवढं वाकडं जन्मतःच होतं तेवढंच आहे.

उजव्या खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलंय. हात झोळीत आहे. ते पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं, हेही तसंच लिहितोय, पण आता सराव झालाय.

तू म्हणालास तेच वळण. अवानाच्या आधीचं, झऱ्याचं. उतार आला, आणि हात-पाय डोक्याला विचारतात कुठे? तीस वर्षांची सवय. गिअर खाली, आणखी एक खाली. मागचं चाक एकदा किंचाळलं आणि माझ्या शेजारून पुढे जायला निघालं. पुढे मी रस्त्यावर आणि ती कठड्याला टेकलेली. एक माकड बघत होतं. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. तो मुलगा खिशात विसरला नाही, मीच एक दिवस घाई केली.

तुझ्या आईला सांगितलं, बंदरावर मासळीच्या बर्फावरून घसरलो. तिने काही विचारलं नाही. हाताला तेल लावून देते. पाकीट तर पहिल्यापासून तीच कणकेने चिकटवते आणि टपालात टाकते. कमी बोलते.

आता निळीचं. तू म्हणतोस चकीबला दे. तो काल पुन्हा आला. त्याच स्लिपर, तोच शर्ट. निळीला एका बाजूने ओरखडे पडलेत, आरसा गेलाय, तर त्याचे डोळे आणखीच चमकले. आता स्वस्त मिळेल म्हणून. चावी माझ्या खिशात होती. काढून त्याच्या हातावर ठेवायची, एवढंच काम. झालं नाही माझ्याने.

झोहेर, मी त्या रस्त्यावर पडलो होतो ना, तेव्हा माझ्या मनात मरण नव्हतं. मनात होतं, हे मी होतो म्हणून बरं. इथे माझं पोर असतं तर? आणि आता त्याच हाताने वर्दियाच्या पोराला ती देऊ? तिला नवरा नाही, तोच एक आहे. तुला देता येत नाही, त्याला देता येत नाही, आणि ज्याला देता येईल त्याला ती नको आहे. खाली कांदे ठेवायचे म्हटलं तर तीही हलेना. अशी अडकलीय बघ.

तात्पुरतं एक केलंय. जुन्या पोस्टमनकडून त्याची पडीक सव्वाशे सीसीची आणली. खोकते, पण चालते. चकीबला म्हटलं, आधी हिच्यावर, बूट घालून. तो तोंड पाडून गेला. येईलसं वाटत नाही.

तुझा बाप


इन सालाह, ३ मार्च

बाबा,

जिवंत आहात. पत्र वाचून आधी हसलो, मग मोरीत जाऊन रडलो. ब्लिदावाल्याने बाहेरून दार धरून ठेवलं.

आता मी रागावतो, गप्प ऐका. तुम्हाला लाज नाही वाटत? या वयात? घरात आई असताना? हेल्मेटच्या आत हसता म्हणे. हे लिहिताना मला तुमचाच आवाज ऐकू येतोय. अगदी तुम्ही मागच्या वर्षी जिन्यात उभं राहून ओरडलात तेच शब्द. तेव्हा मी कानात इयरफोन घातले होते.

चकीब मला कोणी नाही. जगात चकीब ढिगाने आहेत, बाप मला एकच आहे. हाड जुळलं की तुम्ही पुन्हा बसणार, मला माहीत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. तेव्हा त्याला विका, दुसऱ्या गावच्याला विका, मी येण्याआधी विका. कारण ती जिन्याखाली असली तर मीही बसेन. खरं सांगतो, बाबा. फोटो फाडला आणि तुकडे ठेवलेत.

महिनाअखेर सुटतोय. बस किती वाजता पोचेल ते कळवतो.

झोहेर


जिजेल, १८ मार्च

झोहेर,

हे पत्र मी लिहिते आहे. तुझी आई. चुका असतील, त्या तशाच वाच.

तुम्ही दोघांनी सहा महिने एकमेकांना पत्रं लिहिली. मला कोणी काही विचारलं नाही. तुझी पत्रं तुझा बाप हत्यारांच्या पेटीत ठेवतो, कारण बायका पान्याला हात लावत नाहीत असं त्याला वाटतं. त्याची पत्रं चिकटवायला मीच होते. वर्गातल्या पुस्तकात बकरी आहे, सफरचंद आहे. ते मागे पडलं. मी बकरीच्या आधी ब्रेक वाचायला शिकले.

मला वाचायला वेळ लागतो. एक ओळ, मग स्वयंपाक, मग पुढची ओळ. तुझं गिअरचं पत्र वाचायला मला चार दिवस लागले. ‘चाक घसरायला लागतं’ इथे मी सोमवारी थांबले, आणि ‘वळणावर नाही’ हे गुरुवारी आलं. तुम्हाला भीती एका दमात वाचता येते. मला ती घोट घोट प्यावी लागते. तुम्ही दोघे आपापल्या परीने घाबरलात, पण मी तुमच्या दोघांसाठी घाबरत होते, तेही पळी हातात घेऊन, काही माहीत नसल्यासारखी.

आणि तू लिहिलंस, एकदाही पडलो नाही. ती काळी पँट कोणी शिवली? गुडघा गेला होता आणि खिशात खडी होती. मी खडी काढली, शिवली, घडी करून ठेवली. बापाला सांगितलं नाही. बर्फावरून घसरलेल्याचा शर्टही मीच धुतला. बर्फाने डांबर लागत नाही कपड्याला. या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि कोणी कोणाशी खरं बोलत नाही.

आता तू म्हणतोस, विका. कोणाला? मी वर्दियाकडे गेले, खजुराची मिठाई, मकरूद घेऊन. कॉफी प्यायलो. तिला काही ठाऊक नव्हतं. मुलगा पैसे साठवतो म्हणून ती खूश होती, बिचारीला वाटत होतं लग्नासाठी. मी सांगितलं तेव्हा तिने कप खाली ठेवला आणि माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग आम्ही दोघींनी ठरवलं, आणि तुम्हाला विचारलं नाही.

तुझा बाप हाड दाखवायला इस्पितळात गेला होता. मी टायरवाल्या बशीरला बोलावलं आणि निळीचं पुढचं चाक काढून घेतलं. तो म्हणाला, खाला, लखदरचाचा मला मारतील. म्हटलं, आधी मला विचारतील. चाक चादरीत गुंडाळलं आणि सामायिक टॅक्सीने मिला शहरात माझ्या बहिणीकडे, हूरियाकडे नेलं. अख्खा रस्ता मांडीवर. ड्रायव्हरने विचारलं, काय आहे? म्हटलं, कुसकुसचा रवा चाळायची चाळण. बहिणीने ते कपाटावर ठेवलंय. चाकाशिवाय निळी जिन्याखाली आहे, विटांवर. कांदे मी तिच्या सीटवर ठेवलेत.

तुझा बाप दोन दिवस कॅफेतच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने हत्यारांची पेटी उघडली, तुझी पत्रं बाहेर काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, वाच, आता मोठ्याने वाच. मी वाचली. झियामाच्या बोगद्याचं त्याचं पत्र तर मला पाठच होतं, ते तोंडानेच म्हटलं. हेल्मेटच्या आत हसलास, म्हटलं, घरात का नाही हसत? तेव्हा हसला. माझाही राग तिथेच संपला, पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

चकीब येतो आहे. शुक्रवारी, बूट घालून. वर्दिया दारात उभी राहून बघते. तुझा बाप झोळीतला हात सांभाळत त्या खोकणाऱ्या गाडीमागे धावतो आणि ओरडतो. आधी ब्रेक, मग गिअर, एकच गिअर. हे तो कोणाकडून शिकला ते मी वाचलं आहे.

आता तुझं ऐक. तू जवान आहेस, मी तुला बांधून ठेवू शकत नाही. चाक मी समुद्रात टाकलेलं नाही, ते कपाटावर आहे. ते आणायचा एकच रस्ता आहे. तू आलास की त्या लहान गाडीवर शिक. आधी बापाला मागे बसव, त्याला ओरडू दे. मग एक दिवस मला मागे बसव. आपण दोघे मिलाला जाऊ, डोंगरातून, सगळी वळणं आणि सगळे उतार. मी तुझी कंबर धरून बसेन. मरण समोर दिसल्यावर म्हणतात तो कलमा जाताना वाटेत एकदाही माझ्या तोंडून निघाला नाही, तर हूरियाला सांगेन, दे त्याचं चाक. निघाला, तर तिच्याकडे जेवू, परत येऊ आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. मला घाई नाही.

बस किती वाजता पोचते ते कळव. पत्र माझ्या नावाने पाठव.

झुलिखा